सत्तेचाळीस वाक्यांची मराठी

"नक्की कशाला चाललायस?" व्हिसाची कागदपत्रं डायनिंग टेबलावर पसरून बसलो होतो, तेव्हा आईने विचारलं.

"कॉन्फरन्स आहे गं. कॉम्प्युटेशनल लिंग्विस्टिक्सची."

"म्हणजे?"

"म्हणजे... कॉम्प्युटरला भाषा शिकवायची."

"कुठली?"

"सगळ्याच."

"मराठीपण?"

"हो मग! मराठीपण." असं मी ठोकून दिलं आणि हॉटेलच्या बुकिंगची प्रिंट शोधायला लागलो. त्या ठोकून दिलेल्या "हो"चं पुढे काय झालं, त्याबद्दल आज लिहायचं आहे.

ही गोष्ट २०१९ ची. असोसिएशन फॉर कॉम्प्युटेशनल लिंग्विस्टिक्स, म्हणजे एसीएल, ही या क्षेत्रातली सगळ्यात जुनी-जाणती संस्था, १९६२ ची. तिची वार्षिक परिषद त्या वर्षी २८ जुलै ते २ ऑगस्ट इटलीत फ्लॉरेन्सला होती. मी काही संशोधक नाही. साधा नोकरदार इंजिनियर, भाषेशी संबंधित सॉफ्टवेअर लिहून पोट भरणारा. कंपनीने रजा आणि फी दिली, तिकीट माझं मी काढलं. यातला विनोद असा की २०१२ च्या डिसेंबरमध्ये कोलिंग ही याच विषयातली तेवढीच मोठी परिषद चक्क आयआयटी मुंबईत झाली होती. मी तेव्हा मुंबईतच राहत होतो आणि मला त्याचा पत्ताही नव्हता! घरापासून लोकल आणि रिक्षाच्या अंतरावर आलेली गंगा सोडून सात वर्षांनी मी युरोपात आंघोळीला गेलो. असो.

परिषदेची जागा म्हणजे फोर्तेझ्झा दा बास्सो, सोळाव्या शतकात मेदिची घराण्यासाठी बांधलेला किल्ला. किल्ला म्हटलं की आपल्याला आधी चढण आठवते, पण हा आपल्या भाषेत भुईकोट. रेल्वे स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. जाडजूड विटांच्या तटबंदीच्या आत एअरकंडिशन्ड हॉल, आणि त्यात गळ्यात बिल्ले अडकवलेली तीन हजारांवर माणसं. ६६० पेपर्स, एकाच वेळी चार-पाच खोल्यांत भाषणं. म्हणजे इकडे बसलं की तिकडचं बुडणार, हे ठरलेलंच. पहिल्या दिवशी मी शाळकरी मुलासारखा पळापळ करून सगळं ऐकायचा प्रयत्न केला आणि संध्याकाळी डोकं धरून बसलो. दुसऱ्या दिवशी शहाणपण आलं: भाषणं नंतर व्हिडिओवर बघता येतात, माणसं बघता येत नाहीत. मग मी पोस्टरच्या हॉलमध्येच मुक्काम ठोकला.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोठ्या हॉलमध्ये ओळीने बोर्ड उभे असतात. प्रत्येकावर एक भलंमोठं पोस्टर आणि त्याच्याशेजारी ते काम करणारा माणूस, बहुतेक वेळा झोप न झालेला एखादा पीएचडीचा विद्यार्थी. तुम्ही जायचं, वाचायचं, "हे असं का?" विचारायचं. भाजी मंडईत जसं भाजी उचलून बघून विचारतात तसंच, फक्त इथे कुणी भाव करत नाही.

त्या वर्षी हवा होती बर्टची. एकच मॉडेल, शंभरेक भाषांच्या विकिपीडियावर पोसलेलं. एका भाषेत शिकवा, दुसऱ्या भाषेत वापरा. नुसत्या उर्दूत व्याकरण शिकवलेलं मॉडेल हिंदी वाक्यांतली नामं-क्रियापदं ९१ टक्के बरोबर ओळखतं, असा एक पेपर त्याच परिषदेत होता. लिपी वेगळी असूनसुद्धा! हे वाचून अंगावर काटा आला होता, खोटं कशाला सांगू.

अशाच एका पोस्टरवर भलंमोठं कोष्टक होतं. तीसेक भाषांचे रकाने आणि त्यात कुठेतरी मधे "एमआर" ही दोन अक्षरं. मिस्टर नव्हे, मराठी. आनंद झाला. परदेशात रस्त्यात अचानक कुणी "काय हो, पुण्याचे का?" विचारल्यावर होतो तसा. आकडाही चांगला होता. मी त्या पोस्टरवाल्या मुलीला म्हटलं, ही माझी भाषा. ती खूश झाली, कारण तिथे उभं राहून तिला आतापर्यंत भेटलेला मी पहिलाच मराठी माणूस होतो.

मग मी सहज विचारलं, की मराठीची ही परीक्षा किती वाक्यांवर घेतली?

तिने लॅपटॉप उघडून बघितलं. सत्तेचाळीस.

मला वाटलं सत्तेचाळीस हजार. नाही. नुसती सत्तेचाळीस.

हा मामला काय आहे ते जरा नीट सांगतो. युनिव्हर्सल डिपेंडन्सीज नावाचा एक प्रकल्प आहे. त्यात जगभरच्या भाषांची वाक्यं घेऊन माणसं हाताने खुणा करतात: हे नाम, हे क्रियापद, हा कर्ता, हे विशेषण त्या नामाचं. शाळेत आपण "व्याकरण चालवा" करायचो ना, तेच, फक्त सगळ्या भाषांना एकच पद्धत. मॉडेल बरोबर की चूक हे याच्याशी ताडून बघतात. मराठीचा संच २०१७ मध्ये एकट्या संशोधकाने प्रसिद्ध केला, विकिस्रोतवरच्या गोष्टींतली वाक्यं घेऊन. त्यावर नाव आहे प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातल्या संस्थेचं. एकूण वाक्यं ४६६. त्यातली ३७३ शिकवायला, ४६ मधल्या चाचणीला आणि ४७ अंतिम परीक्षेला. शब्द मोजले तर परीक्षेत चारशेच्या आसपास. म्हणजे चार शब्द इकडचे तिकडे झाले की मराठीचा एक टक्का वर नाहीतर खाली.

त्या एकट्या माणसाला माझा मनापासून नमस्कार आहे, कारण तो नसता तर त्या कोष्टकात आमचा रकानाच नसता. पण आठ कोटी माणसांच्या भाषेची परीक्षा एका माणसाने चिकाटीने केलेल्या सत्तेचाळीस वाक्यांवर चालावी, हे काही ठीक नाही.

बरं, ती मुलगी होती बास्क. स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवरची भाषा, आजूबाजूच्या कुठल्याच भाषेशी नातं नसलेली. तिने विचारलं, तुमचे बोलणारे किती? मी म्हटलं, २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख. कोटी कसं सांगायचं म्हणून ८३ मिलियन म्हटलं. तिला वाटलं माझा शून्यांचा घोळ झालाय. दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाली, आम्ही सात-आठ लाख आहोत.

आणि त्याच प्रकल्पात बास्कची वाक्यं किती? जवळजवळ नऊ हजार! फिनिश लोक पंचावन्न लाख, त्यांच्या एका तुर्कू विद्यापीठाच्याच संचात पंधरा हजारांवर वाक्यं. फ्रँकोच्या काळात, म्हणजे १९७५ पर्यंत, बास्क भाषेची सरकारी गळचेपी झाली होती. १९६८ मध्ये त्यांच्या अकादमीने प्रमाण बास्क ठरवायला घेतली, १९८८ पासून त्यांच्या विद्यापीठात संगणक आणि भाषा यावर काम करणारा गट आहे. त्यांना कुणी "अभिजात" म्हटलेलं नाही. त्यांनी नुसतं बसून काम केलं.

मग तिने मला प्रश्न विचारला, आणि तिथे माझी खरी विकेट पडली.

बास्कमध्ये क्रियापद एकाच वेळी कर्ता, कर्म आणि ज्याला द्यायचं तो, अशा तिघांशीही जुळवून घेतं. म्हणून तिला उत्सुकता. मराठीत क्रियापद कुणाशी जुळतं? मी ऐटीत सांगितलं: राम पोळी खातो, इथे कर्त्याशी. रामाने पोळी खाल्ली, रामाने आंबा खाल्ला, इथे कर्माशी. कर्तरी आणि कर्मणी, शाळेत पाठ केलेलं. ती म्हणाली, छान, आणि समोरच्याला सांगायचं असेल तर? मी म्हटलं, "तू पोळी खाल्लीस."

"या शेवटच्या 'स'चं काय?"

मी गप्प. 'ली' पोळीमुळे आलं, ते कळलं. 'स' आला 'तू'मुळे. म्हणजे क्रियापद एकाच दमात दोघांशी जुळतंय! आयुष्यभर दिवसातून पन्नास वेळा हे बोलत आलो, पण एकदाही लक्षात आलं नव्हतं. रात्री हॉटेलवर आठवलं की याला संकर प्रयोग म्हणतात आणि परीक्षेत त्याला एक मार्क असायचा. दामल्यांनी "शास्त्रीय मराठी व्याकरण" लिहिलं १९११ साली. शंभर वर्षांहून जास्त काळ हे ज्ञान आपल्या घरात आहे. ते कपाटात आहे आणि कॉम्प्युटर टेबलावर आहे, मधली चार पावलं कुणी चाललेलं नाही. मीही नाही.

'मीही नाही' हे सांगणं भाग आहे, कारण इथवर वाचून तुम्हाला वाटेल की हा गडी दुसऱ्यांवर खापर फोडतोय. तर ऐका माझा पराक्रम.

फ्लॉरेन्सच्या आदल्या वर्षीची गोष्ट. आमच्याकडे एक काम होतं: शेतकऱ्यांकडून येणारे मराठी मेसेज वाचून त्यांची वर्गवारी करायची आणि योग्य त्या विभागाकडे पाठवायचे. मजकूर साफ करायची स्क्रिप्ट माझी. इंटरनेटवरून एक ओळ उचलली होती, जी मजकुरातली न दिसणारी अक्षरं काढून टाकते. इंग्रजीत ती अक्षरं म्हणजे कचराच असतो. पण मराठीत? 'ऱ्या' हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिलं जातं आणि त्यातल्या एका प्रकारात 'र्' आणि 'या' यांच्यामध्ये एक न दिसणारा जोडणारा असतो. तो काढला की 'ऱ्या'चा 'र्या' होतो. दऱ्याखोऱ्यांतल्या 'दऱ्या'चा 'दर्या' होतो, म्हणजे डोंगराचा थेट समुद्र. आचाऱ्याचा आचार्य होतो. आणि 'शेतकऱ्यांना'चं होतं 'शेतकर्यांना', जो शब्दच नाही. कुणी कुठल्या कीबोर्डवर टाइप केलं त्यावर तो शब्द कधी असा, कधी तसा.

पाच महिने हे चाललं होतं. रिपोर्ट हिरवेगार. शेवटी मेसेज हाताने तपासणाऱ्या आमच्या एक ताई एकदा टेबलापाशी येऊन म्हणाल्या, "सर, एक विचारू का? हे सगळीकडे 'दुसर्या', 'शेतकर्या' असं का येतंय? शाळेत असं लिहिलं तर मार खाल्ला असता आम्ही."

मी, मातृभाषा मराठी, दहावीला मराठीत बऱ्यापैकी मार्क, शेतकऱ्यांच्या कामात 'शेतकरी' हाच शब्द मोडून ठेवला होता. कुणाच्या हप्त्याची, कुणाच्या पंचनाम्याची तक्रार भलत्याच रांगेत पडून राहिली. किती, ते नंतर मोजलं, आणि तो आकडा इथे लिहायची हिंमत नाही.

यात समाधान एवढंच की मी एकटा नाही. बर्टची बहुभाषिक आवृत्ती २०१८ च्या नोव्हेंबरात पहिल्यांदा आली, तीत युरोपीय अक्षरांवरचे स्वरचिन्ह काढायची सोय होती. त्याच सोयीत देवनागरीचे उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्तही निघून जायचे. 'पुणे' आत टाकलं की 'पण' व्हायचं, 'मुंबई'ची 'मबई'. ("पुणे, पण..." हे पुणेकरांबद्दल बरोबरच आहे असं माझा एक नागपूरचा मित्र म्हणतो, तो भाग वेगळा.) महिनाभराच्या आत नवी आवृत्ती आली आणि बिगर-रोमन लिप्यांसाठी तीच वापरा, असं कर्त्यांनीच लिहून ठेवलं. पण मुळात हे घडलं, कारण ज्या टेबलावर चाचण्या झाल्या तिथे 'पुणे' वाचून चमकणारं कुणी नसावं, असा माझा अंदाज. आणि माझ्या टेबलावर तर मी स्वतः बसलेला होतो!

परिषदेच्या शेवटच्या दिवशी दुपारी दांडी मारून गाव फिरलो. फ्लॉरेन्स हे दान्तेचं गाव. दान्तेचा जन्म १२६५ चा, ज्ञानेश्वरांचा १२७५ चा असं मानतात. ज्ञानेश्वरी १२९० ची. दोन माणसं, एकमेकांचं नावही न ऐकलेली, साधारण एकाच काळात पंडितांची भाषा सोडून लोकांच्या भाषेत सगळ्यात मोठं काम करून ठेवतात. गंमत म्हणजे लोकभाषेची तात्त्विक बाजू मांडणारा ग्रंथ मात्र दान्तेने लॅटिनमध्ये लिहिला. ज्यांना पटवायचं ते लॅटिन वाचणारे होते ना! त्या हॉलमध्ये आम्ही सगळे आपापल्या भाषांची वकिली इंग्रजीत करत होतो, ते काही वेगळं नव्हतं.

याच गावात १५८३ मध्ये अकादेमिया देल्ला क्रुस्का ही संस्था सुरू झाली. क्रुस्का म्हणजे कोंडा. पिठातून कोंडा चाळून काढायचा तशी भाषा चाळायची, असा तिचा बाणा, चिन्हही पीठ चाळायचं यंत्र. १६१२ मध्ये तिने इटालियनचा शब्दकोश काढला, आणि संस्था आजही चालू आहे. आपला पहिला मोठा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, तोही मोल्सवर्थ या इंग्रज अधिकाऱ्याने केलेला. ही तुलना मला तिथे बोचली. मी वापरलेली चाळणीही बाहेरून आणलेली होती, म्हणून तर ती पीठ फेकून देत होती.

आता तुम्ही म्हणाल, अहो, ही २०१९ ची रडगाणी आता कशाला? आजची मोठी मॉडेल्स फर्डं मराठी लिहितात. पत्र लिहून मागा, मिळतं.

मान्य. आणि बरंच चांगलंही झालं आहे. पुण्यात एल-थ्री-क्यूब नावाच्या उपक्रमात इंजिनियरिंगच्या मुलांनी हाताने खुणा करून २५,००० वाक्यांचा संच २०२२ मध्ये खुला केला: वाक्यात माणसाचं नाव कुठलं, गावाचं कुठलं, संस्थेचं कुठलं. मराठीसाठीची स्वतंत्र मॉडेल्सही काढली. २०२० मध्ये भाषांतराच्या जागतिक स्पर्धेत हिंदी-मराठी जोडी होती. ही मुलं कुठल्या मोर्चात दिसली नाहीत, पण भाषेचं काम त्यांनी केलं.

तरी माझा मुद्दा उरतोच. फर्डं मराठी लिहिलं हे ठरवलं कुणी? जगभर वापरला जाणारा एक मोठा भाषांतराचा परीक्षासंच आहे, ३,००१ वाक्यांचा. त्यात मराठी आहे. पण ती सगळी वाक्यं मुळात इंग्रजी विकिपीडियाच्या भावंडांतून घेतलेली, त्यांचं मराठी भाषांतर. म्हणजे मराठीची परीक्षा भाषांतरित मराठीवर. त्यात "तू पोळी खाल्लीस" कुठून येणार? मॉडेल "तू पोळी खाल्ली" म्हणालं तर कुणाला कळणार? हळूहळू आपल्याच मुलांना तेच बरोबर वाटायला लागेल, कारण सगळीकडे तेच लिहिलेलं असेल. मला भीती आहे ती याची. मराठी मरणार वगैरे मला वाटत नाही. तिची 'स' गळून पडेल आणि कुणाच्या लक्षात येणार नाही, एवढंच वाटतं.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. पेढे मीही खाल्ले. पण या परिषदांमध्ये मराठीला "लो-रिसोर्स" भाषा म्हणतात. हा शब्द ऐकून राग येतो, मलाही आला होता. मग लक्षात आलं की हा शब्द मराठीबद्दल काहीच सांगत नाही, आपल्याबद्दल सांगतो. आठ कोटी लोक, वीस खंडांचा विश्वकोश, वर्तमानपत्रं, दिवाळी अंक, साहित्य संमेलनं. माल भरपूर आहे. पण बराचसा जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत नाहीतर स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये अडकलेला. आणि ज्यावर जाणत्या माणसाने बसून खुणा केल्यात, असा माल मूठभर. ते काम कंटाळवाणं आहे, त्याचा फोटो निघत नाही. ते प्रागहून कुणी येऊन करेल असं धरून चालणं बरं नव्हे.

त्यात हुशारी लागते असंही नाही. लागतात मराठीच्या निवृत्त शिक्षिका. आमच्या शाळेच्या मराठीच्या बाई आता सत्तरी ओलांडलेल्या. दर शनिवारी सकाळी मी त्यांच्याकडे जातो. त्या पट्टी घेऊन बसत नाहीत एवढाच फरक. मी लॅपटॉपवर वाक्य दाखवतो, त्या सांगतात, मी खुणा करतो. दोन वर्षांत ६११ वाक्यं झालीत. वेग हास्यास्पद आहे, कारण प्रत्येक वाक्यावर वाद होतो. पहिल्या दिवशी मी त्यांना "तू पोळी खाल्लीस" विचारलं. "संकर प्रयोग," त्या चहा गाळता गाळता म्हणाल्या, मान वरसुद्धा न करता.

मागच्या शनिवारी निघताना त्यांनी विचारलं, "हे सगळं आपण करतोय खरं, पण आपलं चुकलं तर तपासणार कोण रे?"

याचं उत्तर माझ्याकडे नाही. दुसरं कुणीतरी आणखी सहाशे वाक्यं करून आमच्याशी भांडायला आलं, तर बरं होईल. तोवर सहाशे बाराव्या वाक्यात "तूच" आहे, आणि हा 'च' वेगळा शब्द धरायचा की 'तू'लाच चिकटवायचा, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.